काळवंडणारी फिल्म गेली, तेव्हा

दातांचा एक्स-रे काढायचे ठरले की रुग्ण पहिली शंका विचारतो ती प्रारणाची. मिळणारे उत्तर दिलासा देणारे असते आणि ते खोटे नाही. एक-दोन दातांच्या डिजिटल एक्स-रेतून शरीराला मोजके काही मायक्रोसिव्हर्ट मिळतात. माती, खडक, हवेतील रेडॉन आणि अंतराळातून येणारे किरण यांच्यामुळे जगातील माणसाला वर्षाकाठी सरासरी २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे हा हिशेब साधारण एका दिवसाचा.

तरीही फिल्म मागे पडली तेव्हा तिच्याबरोबर एक सोय गेली. मात्रा जास्त झाली की फिल्म काळवंडत असे. चूक तिथेच दिसे आणि यंत्राची वेळ कमी करावीच लागे. डिजिटल पद्धतीत, विशेषतः फॉस्फर प्लेटवर, संगणक चित्राचा उजेड आपणहून जुळवून घेतो. गरजेपेक्षा दुप्पट मात्रा दिली तरी चित्र सुरेखच येते, किंबहुना अधिकच सुरेख. एक्स-रेचे चित्र हा अखेर फोटॉनच्या मोजणीचा खेळ आहे: चित्राचा दाणेदारपणा निम्मा करायचा, तर फोटॉन चौपट लागतात. मात्रा कमी पडली की चित्र दाणेदार दिसते आणि तक्रार होते. जास्त झाली तर कोणीच बोलत नाही. कोणाचाही वाईट हेतू नसताना आकडा वर सरकत राहतो तो असा. त्यात धुलाईची वाट पाहणे उरलेले नाही, त्यामुळे ‘अजून एक काढून पाहू’ म्हणणेही सोपे झाले आहे.

शिशाच्या एप्रनने मात्र सगळ्यांनाच धीर येतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये त्याची गरज नसल्याचे सांगितले आणि किरणांचा झोत आयताकृती, आटोपशीर ठेवण्यावर भर दिला. एप्रन मूळ झोत आवरत नाही, ही गोष्ट भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवी वाटू नये.

भारतात दंतवैद्याच्या एक्स-रे यंत्रालाही अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि ठरावीक काळाने यंत्राची गुणवत्ता तपासावी लागते. नळीचा दाब बरोबर आहे का, घड्याळ अचूक चालते का, हे त्या तपासणीत कळते. पण वाढत्या वयातील ऊती प्रारणाला अधिक संवेदनशील असतात, आणि आधीच्या प्रौढ रुग्णासाठी लावलेली वेळ सात वर्षांच्या मुलासाठी तशीच राहून गेली, तर ते प्रमाणपत्रावर उमटत नाही. आता चित्रावरही नाही.