शेफील्डहून चाळीसगावी

बारावीचा निकाल लागला, की अलीकडे जळगाव-धुळ्याच्या कितीतरी घरांतून परदेशी विद्यापीठांची माहितीपत्रके उलगडली जातात. सातबाऱ्याचा उतारा, उत्पन्नाचा दाखला आणि कर्जाच्या तारणाचे दस्तऐवज यांच्या शेजारीच मुलीच्या रेखाटनांचा, अक्षररचनांचा आणि पुठ्ठ्याच्या नमुन्यांच्या छायाचित्रांचा पोर्टफोलिओ येऊन पडतो. आणि कपाशीचा व केळीचा हिशेब ज्यांना तोंडपाठ असतो ते वडील त्याची पाने उलटता उलटता विचारतात, की एवढा पैसा ओतून तिकडे डिझाइन म्हणून नेमके शिकवतात तरी काय? हा प्रश्न मला सर्वस्वी रास्त वाटतो, आणि त्याचे उत्तर खानदेशातच, चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनाजवळच्या एका घरात, फार पूर्वी दिले गेले आहे.

ते घर छायाचित्रकार केकी मूस यांचे. त्यांचा जन्म 1912 चा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेला हा पारशी तरुण 1930 नंतरच्या दशकात विलायतेस गेला, शेफील्डच्या बेनेट कॉलेजातून त्याने कमर्शियल आर्टची पदविका संपादन केली, आणि ज्या विद्येच्या बळावर मुंबईत जाहिरातींचा भरभराटीचा व्यवसाय थाटता आला असता, ती विद्या घेऊन तो चाळीसगावी येऊन राहिला. घराला त्यांनी ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’ असे नाव दिले, आणि 31 डिसेंबर 1989 रोजी देह ठेवीपर्यंत, सुमारे अर्धशतक, त्या घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला. पंजाब मेलने येणाऱ्या प्रेयसीची ते वाट पाहत होते, अशी आख्यायिका गावात मोठ्या जिव्हाळ्याने सांगतात. ती हृद्य आहे खरी. परंतु तिच्या गोडव्यात त्या माणसाचे कामच झाकून जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ते काम मुख्यत्वे टेबलावरचे. टेबलटॉप छायाचित्रणात सारी सृष्टी एका मेजावर रचावी लागते: वाळलेली काटकी वृक्ष होते, मूठभर रेती माळरान होते, आणि दिवा एका अंगाने, खाली धरला, की त्या माळावर सायंकाळ उतरते. मात्र रेतीचा एकच कण जाड असला, तर तो काटकीच्या शेजारी धोंड्यासारखा दिसतो आणि सगळा आभास ढासळतो. लेन्स वस्तूच्या अगदी निकट आणावी लागते, आणि निकट आणली, की पुढचे स्पष्ट आणि मागचे धूसर होऊ लागते. म्हणून छिद्र बारीक करायचे, उणा झालेला प्रकाश दीर्घ उद्भासनाने भरून काढायचा, आणि तेवढा वेळ कशालाही धक्का लागू द्यायचा नाही. प्रमाण, प्रकाश, रिकाम्या जागेचे वजन, आणि पाहणाऱ्याची नजर कोठून शिरून कोठे थांबेल याची आगाऊ योजना: डिझाइनचे शिक्षण म्हणतात ते याहून फारसे वेगळे नाही, आणि मूसांच्या मेजावर ते जसे मूर्त झाले तसे माहितीपत्रकांत मला क्वचितच सापडते.

यासाठी परदेशी गेलेच पाहिजे असे मुळीच नाही. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, आणि सरदार पटेलांच्या 182 मीटर उंचीच्या पुतळ्याचे शिल्पकार झाले. तथापि, ज्या मुलीच्या डोळ्यांना आपल्या मुलखाचे ऊन, काळी जमीन आणि गावच्या पाट्यांवरचे रंग इतके सवयीचे झाले आहेत की ते दिसेनासेच झाले, तिला दूरच्या, वेगळ्या उजेडाच्या नगरात काही वर्षे राहण्याचा लाभ निश्चित होतो. तेथे प्रत्येक रेषेचे कारण चारचौघांपुढे सांगावे लागते, आणि ‘छान दिसते’ एवढी सबब कोणी मंजूर करीत नाही.

मूसांचे घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. परदेशी निघालेल्या खानदेशच्या प्रत्येक मुलामुलीने व्हिसाची दरखास्त गुदरण्यापूर्वी तेथे एक पुरता दिवस काढावा; वडिलांनाही सोबत न्यावे. एका छायाचित्रासमोर उभे राहून दिवा कोणत्या अंगाला ठेवला असेल, कॅमेरा किती उंचीवर असेल, आणि दूरचा दिसणारा डोंगर प्रत्यक्षात किती बोटांचा असेल, हे कागदावर मांडून पाहावे, आणि तो कागद पोर्टफोलिओत पहिल्या पानावर लावावा.