आपल्यावर राहिलेलं

आमच्या घरी तंबाखूचा एक पाइप होता. ओढत कोणीच नसे. देवघराखालच्या खणात, जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी तो मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला असे. पणजोबा परळला जी.आय.पी. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. 1911 साली बादशहा पंचम जॉर्ज मुंबईला उतरले, त्याच वर्षी वर्कशॉपच्या साहेबाने पाइप पणजोबांना बक्षीस दिला, असं वडील सांगायचे. आत्याला ते पटत नसे. "बक्षीस कसलं? साहेबाची उष्टी, फुटकी वस्तू!" ती म्हणायची. दांड्यावरच्या चांदीच्या कड्याखालून केसाएवढी चीर डोकावत होती, त्यावर तिचं बोट. ती आपल्या या आजोबांच्या मांडीवर वाढलेली. तिचा राग त्यांच्यावर नव्हता, त्यांच्या अपमानावर होता.

1987 साली नोकरीसाठी बर्मिंगहॅमला गेलो तेव्हा वडिलांनी तो पाइप माझ्याबरोबर दिला. तिथल्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये, सोन्याचांदीच्या कारागिरांच्या वस्तीत, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर एक कारागीर मला भेटले. वय पंचाहत्तरच्या पुढे, बोटांच्या कडा कायमच्या काळ्या. अर्धं आयुष्य त्यांनी पाइपांची चांदीची कडी वळण्यात आणि डाख देण्यात घालवलं होतं. मी फडकं सोडायला लागलो तर म्हणाले, "थांब. आधी वाचायला शीक."

पुढचे तीन शनिवार माझा पाइप त्यांनी हातातही घेतला नाही.

पहिल्या दिवशी तीन कडी पुढ्यात ठेवली. एकावर चौकटींमध्ये वळणदार जुन्या लिपीतली दोन अक्षरं, ई आणि पी. मी चांदी म्हणालो. तो नुसता मुलामा होता. दुसऱ्यावर तिपानी शॅमरॉक, शिकारी कुत्रा आणि गोल मनोरा ओळीने उठवलेले. मी पुन्हा चांदी म्हणालो. ते डब्लिनच्या पीटरसन कंपनीचं निकेलचं कडं निघालं. ती चित्रं कंपनीची स्वतःची, चांदीच्या अधिकृत तपासणीशी त्यांचा संबंध नाही. तिसरं कडं खऱ्या चांदीचं होतं, त्यावर तपासणीचे शिक्के. पाऊल उचललेला सिंह म्हणजे हजारात 925 भाग चांदी. मग तपासणीचं शहर: नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार म्हणजे चेस्टर. नांगर समुद्राचा आणि बर्मिंगहॅम समुद्रापासून दूर, याचं मला फार नवल वाटलं. चांदीवर तो उभा असतो, सोन्यावर आडवा, हेही त्यांनीच दाखवलं. राजा किंवा राणीचं मस्तक असेल तर बहुधा 1890 च्या आधीचं. त्या वर्षी चांदीवरचा कर उठला आणि मस्तकही गेलं.

तपासणीचं वर्ष सांगणारं अक्षर त्यांनी शेवटी ठेवलं. पूर्वी लंडनची फेरी वीस अक्षरांची असायची, बर्मिंगहॅमची पंचवीस. बर्मिंगहॅमचं अक्षर जुलैत बदलायचं, म्हणून एका अक्षरात दोन वर्षांचे अर्धे अर्धे तुकडे. म्हणून आधी शहर वाचायचं, मग अक्षराचं वळण आणि त्याच्याभोवतीची ढाल, आणि त्यानंतरच वर्ष म्हणायचं. मी घाई केली की ते भिंग माझ्या हातातून काढून घेत आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावत. इतक्या मायेने मला कोणी चुकू दिलेलं नाही.

चौथ्या शनिवारी मी माझा पाइप स्वतः वाचला. सिंह. उभा नांगर. लहान लिपीतलं आर. कारागिराची आद्याक्षरं झिजून गेलेली. आर म्हणजे जुलै 1916 ते जुलै 1917. तेच अक्षर मोठ्या लिपीत असतं तर 1941. मी पेन्सिल खाली ठेवली. वडिलांचं 1911 साल गेलं होतं.

"कडं स्वतःचं वय सांगतं," ते म्हणाले, "लाकडाचं नाही." मला विचारून त्यांनी कडं हलकेच गरम केलं आणि सरकवून काढलं. आत ब्रायरचं लाकूड कानशीने एकसारखं घासून कड्यासाठी बैठक केलेली होती, आणि चीर जुन्या सरसाने काठोकाठ भरलेली. चीर आधीची, कडं नंतरचं. ते बराच वेळ ती बैठक अंगठ्याने चाचपत राहिले. "हे नीट हाताचं काम आहे. टाकून द्यायच्या वस्तूला कोणी चांदी लावत नाही."

साहेबाच्या मनात काय होतं ते धातू सांगत नाही, आणि त्यांनीही त्यापुढे एक शब्द जोडला नाही. मी पैसे विचारले तर कडं परत बसवून, फडक्याला माझ्यापेक्षा चांगली घडी घालून पाइप माझ्या हातात दिला.

त्या रात्री घरी फोन केला. वडील जरा गप्प झाले, मग म्हणाले, "बादशहाचं साल लक्षात ठेवायला सोपं होतं रे." फोन आत्याने घेतला. मी सरस, कानस, चांदी सगळं सांगितलं.

"म्हणजे दुरुस्त करून दिला होता?"

"नीट दुरुस्त केलेला होता, एवढं नक्की."

पलीकडे बांगड्या वाजल्या. ती डोळे पुसत असावी. मग तिने विचारलं, "त्यांनी घेतले किती?"

"काही नाही घेतलं, आत्या."

"मग ते आपल्यावर राहिलं," ती म्हणाली.