जिथे मूल, तिथे उपचार

प्रिय विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळाचे मान्यवर सदस्यहो,



ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत 'व्यवसायोपचार' म्हणतात. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे याच विषयाला 'व्यावसायिक चिकित्सा' म्हणतात. दोन्ही शब्द ऐकले की नोकरी-धंद्याशी संबंधित काहीतरी असावे असेच वाटते. आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी सध्या या विषयाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने शिक्षक-कक्षात बसून आम्हाला त्याचा अर्थ सोपा करून सांगितला. ती म्हणाली, "सर, माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जे जे करतो, तो त्याचा व्यवसाय. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे दात घासणे, जेवणे, कपडे घालणे, खेळणे आणि शाळेत जाणे." आजारामुळे, इजेमुळे किंवा जन्मापासूनच्या अडचणीमुळे यातले जे करता येत नाही, ते करता यावे यासाठी मदत करणारे हे शास्त्र आहे.

वार्तापत्रात हा विषय घेण्यास एक कारण आहे. पुढील सत्रात पहिलीच्या प्रवेशासाठी सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलाचे आईवडील आम्हाला भेटून गेले. मुलाचे नाव इथे देण्याची गरज नाही. त्याच्या प्रवेशाबद्दल लिहिण्याआधी आपल्या या मुलीचे अनुभव सर्वांपुढे मांडावेत असे आम्हाला वाटले.

या शास्त्राचा आपल्या देशातील आरंभ मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. कमलाबाई निंबकर या मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विवाहानंतर त्या निंबकर झाल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. १९५० साली त्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण देणारी देशातील पहिली शाळा सुरू केली. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही मराठी शाळा आज त्यांचेच नाव चालवते आहे.

रुग्णालयातील शिक्षण आवश्यकच आहे, पण २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यातील सुमारे ६९ टक्के लोक खेड्यांत राहणारे होते. थेरपिस्ट मात्र बहुतेक शहरांत. गावातून मुलाला कडेवर घेऊन शहरात यायचे म्हणजे बसभाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. म्हणून समाजाधारित पुनर्वसन ही पद्धत पुढे आली. मुलाला उपचाराकडे नेण्याऐवजी उपचार मुलाच्या अंगणात न्यायचा आणि घरच्या माणसांना तो शिकवायचा, अशी ही कल्पना आहे. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने तिला चालना दिली. २०१० साली संघटनेने काढलेल्या मार्गदर्शिकेत या कामाचे पाच भाग सांगितले आहेत: आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण. म्हणजे नुसते हातपाय हलवून हे काम पुरे होत नाही.

आपल्या विद्यार्थिनीला याच कामासाठी सहा आठवडे महू तहसीलमधील काही गावांत जायचे होते. सप्टेंबर-ऑक्टोबरचे दिवस, म्हणजे आपल्या माळव्यात सोयाबीनची काढणी. पहिल्या घरी तिला साडेतीन वर्षांचा एक मुलगा भेटला. त्यालाही सेरेब्रल पाल्सी. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा झाली की स्नायूंवरचा ताबा बिघडतो, त्याला हे नाव आहे. हा आजार संसर्गाने पसरत नाही. मेंदूची इजा वाढत जात नाही. पुष्कळ मुलांची बुद्धी उत्तम असते, पण बोलणे अस्पष्ट असल्याने लोकांना ते कळत नाही.

तिने कॉलेजात शिकल्याप्रमाणे व्यायामांचा तक्ता करून आईला दिला. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी वीस मिनिटे. आई मान डोलवत होती. पुढच्या आठवड्यात पाहिले तर तक्ता भिंतीला नीट टांगलेला, आणि व्यायाम एकही झालेला नव्हता. आई सकाळी सातला शेतावर जायची ती दिवेलागणीला परतायची. मग आपल्या विद्यार्थिनीने तक्ता बाजूला ठेवला आणि आईला विचारले की, या मुलाचे कोणते एक काम व्हावे असे तुम्हाला वाटते? तिला उत्तर अपेक्षित होते, 'हा चालावा'. आई म्हणाली, "दीदी, चले ना चले, थाली पर सबके साथ बैठ जाए।"

त्या दिवसापासून कामाची दिशा बदलली. मुलाला आडवे ठेवून भरवत असत. त्याने घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. गावच्या सुताराकडून कोपऱ्यात बसेल अशी छोटी खुर्ची करून घेतली. मागे दोन फळ्या काटकोनात, पुढे लहानसा पाट, पाय टेकायला खाली फळी. चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेढे दिले, म्हणजे मुठीत पकड येते. व्यायाम गेले नाहीत, ते घरच्या कामांत मिसळले. कपडे घालताना अशक्त हात बाहीत आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, हे आजीला शिकवले. आजी गहू निवडायला बसली की परातीत मुलाचेही हात घालायचे. मुठी उघडण्याचा तो व्यायामच. पाचव्या आठवड्यात तो घरच्यांबरोबर ताटावर बसला. अर्धे सांडले, अर्धे तोंडात गेले.

हे ऐकून ऑक्टोबरमधील एका शनिवारी आम्ही आपल्या शाळेच्या दोन शिक्षिकांसह तिच्याबरोबर गेलो. खुर्ची पाहिली, आजींशी बोललो. आजींना अक्षरओळख नाही, पण पाय अधांतरी राहिले तर काय होते हे त्यांनीच आम्हाला समजावून दिले. पाय टेकलेले नसले की मूल आपली सगळी ताकद तोल सांभाळण्यात घालवते आणि हात कामाला मोकळे राहत नाहीत. आमच्या शिक्षिका एकमेकींकडे पाहू लागल्या. आपल्या बालवर्गातील किती मुलांचे पाय बाकावरून लोंबकळत असतात, हा प्रश्न दोघींच्याही मनात आला होता.

सगळ्याच घरी असे यश येत नाही. शेजारच्या गावात नऊ वर्षांची एक मुलगी आहे. तिचे गुडघे वाकलेल्या अवस्थेत आखडून गेले आहेत. लहानपणापासून बसण्या-झोपण्याची योग्य पद्धत कोणी दाखवली असती, तर ते इतके आखडले नसते. आता घरच्या व्यायामाने ते सरळ होणार नाहीत, अस्थिरोग तज्ज्ञाचा सल्ला हवा. आपल्या विद्यार्थिनीने तिच्यासाठी चाके लावलेली बुटकी फळी करून घेतली. त्यावर बसून ती हातांनी अंगणभर फिरते. शाळा तिच्या घरापासून एक किलोमीटरवर आहे, आणि ती एक दिवसही शाळेत गेलेली नाही. हे सांगताना आपल्या विद्यार्थिनीचा आवाज बदलला. ती म्हणाली, "सर, सहा आठवड्यांत मी तिला अंगणापर्यंत आणू शकले. अंगणापासून वर्गापर्यंतचे काम थेरपिस्टच्या हातात नसते."

ते काम शाळांच्या हातात असते, असे आम्हाला वाटते.

आता आपल्याकडे येणाऱ्या मुलाबद्दल. त्याला प्रवेश द्यावा की नाही, हा विचाराचा विषयच नाही. २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा मान्यताप्राप्त शाळांना अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश देण्यास आणि इमारत त्यांच्या सोयीची करण्यास सांगतो. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्कही त्याने दिला आहे. मुलगा वॉकर धरून थोडे चालतो. तो हुशार आहे. आम्हाला त्याने वीसपर्यंतचे आकडे म्हणून दाखवले. सावकाश ऐकले की सगळे कळते. प्रश्न आहे तो आपल्या तयारीचा.

विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत आम्ही चार गोष्टी मांडणार आहोत. पहिली, उतार. आपल्या मुख्य दाराशी तीन पायऱ्या आहेत, मिळून उंची १८ इंच. एका फुटाच्या चढाला बारा फूट लांबी या हिशेबाने १८ फुटांचा उतार लागेल. मोटारसायकली उभ्या करण्याची जागा हलवली तर तो बसतो, आम्ही मोजून पाहिले आहे. दुसरी, तळमजल्यावरील एका स्वच्छतागृहात रुंद दार आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे. तिसरी, पहिलीचा वर्ग तळमजल्यावर. चौथी, पाय टेकतील अशी खुर्ची आणि कोपराच्या उंचीचे टेबल. हे काम आपल्याच भागातील सुतार करून देईल. स्वच्छतागृहाकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. ते नसेल तर मुलाच्या आईला रोज पाच तास फाटकापाशी बसून राहावे लागेल, किंवा मूल तहान मारून बसेल.

पालकांना विनंती की, शिक्षकांचे लक्ष एकाच मुलाकडे जाईल अशी काळजी करू नये. उतारावरून नातवाला सोडायला येणारे आजोबाही चढतील, आणि पाय टेकणारी खुर्ची प्रत्येक मुलाला हवी असते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे काम सर्वांत मोठे आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. त्याला विचारल्याशिवाय उचलू नका. त्याचे वाक्य त्याच्याआधी तुम्ही पूर्ण करू नका. मधल्या सुट्टीत त्याला प्रेक्षक म्हणून बसवून ठेवू नका. तो खेळू शकेल असा नियम तुम्हीच शोधा. क्रिकेटमध्ये रनर असतोच की!

आपल्या माजी विद्यार्थिनीने परीक्षा संपल्यावर दोन दिवस शाळेत येऊन शिक्षकांना बसण्याच्या आणि पेन्सिल धरण्याच्या पद्धती दाखवण्याचे मान्य केले आहे. ज्या पालकांच्या घरी अशी अडचण असलेले मूल आहे, त्यांनीही अवश्य यावे. कार्यालयात नाव नोंदवण्याची गरज नाही, मुलाला घेऊन या.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य