गरी दिवसा बांधूची

गेल्या डिसेंबरात देवगडला मामाच्या होडीतून पहिल्यांदा रात्री गरवायला गेलो. आमच्याकडे गळ टाकून मासे धरण्याला गरवणं म्हणतात आणि गळाला गरी. धक्क्यावर बसून दिवसा मी बरीच वर्षं गरवलंय. रात्रीचं वेगळं ते काय असणार, असं वाटलं.

दिवस मीच ठरवला, अमावास्येचा. काळोखात मासा लागतो एवढंच डोक्यात. त्या दिवशी उधाण असतं, पाण्याला ओढ फार, असं मामा म्हणाला होता. मी हो हो केलं.

खडपाजवळ नांगर टाकला तेव्हा साडेसात झाले होते. दोन रॉड आणले होते, दोन्ही रिकामे. तंगूस, शिसं, गळ सगळं एकाच डब्यात कोंबलेलं. टॉर्च दातात धरून गाठी मारायला बसलो. टॉर्चकडे पाहिलं की पुढची दोन मिनिटं काहीच दिसेना. एका दोरीला तीन गळ लावायचे होते. तिसरा बांधेपर्यंत पहिला माझ्या पँटीत अडकलेला.

"गरवूक इलंस की शिवूक?" मामा म्हणाला.

कसंबसं खाली सोडलं. साठ ग्रॅमचं शिसं त्या ओढीत टिकेना. माझी दोरी वाहत जाऊन मामाच्या दोरीत गुंतली. तो गुंता सोडवताना होडी डुलली आणि गळ डाव्या हाताच्या तर्जनीत घुसला, उलट्या काट्यासकट. मी ओरडलो नाही असं सगळ्यांना सांगतो. मामा जवळ असला की सांगत नाही.

पक्कड कुणाकडेच नव्हती. मामाने गळाजवळ तंगूस कापली, बोटाला फडकं गुंडाळलं आणि इंजिन चालू केलं. गळ ओढून काढू दिला नाही, ते बरंच झालं. दवाखान्यात डॉक्टरांनी बोट बधिर केलं, गळाचं टोक पुढच्या बाजूने बाहेर काढलं, काटा कापला आणि उरलेला गळ आल्या वाटेने मागे घेतला. दोन मिनिटांचं काम. वर धनुर्वाताचं इंजेक्शन.

पुन्हा गेलो ते पुढच्या महिन्यात, वद्य अष्टमीला. त्या दिवशी भांग असते, पाणी संथ. आणि चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे तोवर काळोखही मिळतो. हे गणित मामाचं.

या वेळी सगळं दुपारी ओटीवर बसून बांधलं. दोन हात तंगूस, तळाला शिसं, त्याच्या वर वीतभर फाटा आणि फाट्याला एकच गळ. तीन नाहीत. असे आठ जोड केले. जुन्या रबरी स्लिपरचे तुकडे कापून एकेका तुकड्यावर एकेक जोड गुंडाळला आणि गळाचं टोक रबरात खुपसलं. ही युक्तीही मामाचीच. रॉडच्या दोरीला टोकाशी क्लिप बांधून ठेवली. जोड तुटला की नवा तुकडा घ्यायचा, उलगडायचा, क्लिपला अडकवायचा. रात्री गाठ मारायची वेळच आली नाही. शिसं शंभर ग्रॅमचं घेतलं. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने लावला, तेव्हा डोळे दिपणं थांबलं. रॉडच्या टोकाला बारकी घुंगरं बांधली, कारण काळोखात टोक हललेलं दिसत नाही.

आमिषाला म्हाकलाच्या पट्ट्या होत्या. कोळंबी लहान मासेच कुरतडून नेतात.

अकरापर्यंत दोन तांबोश्या आणि एक शिंगाळा. शिंगाळ्याचे काटे विषारी असतात, म्हणून त्याला हात लावला नाही. पक्कडीने गळ धरून तसाच बादलीत सोडला.

पक्कड घ्याल तर गळ तोडणारीच घ्या. घरी आपल्याच एका गळावर चालवून बघा. माझ्या पहिल्या पक्कडीने तार तुटायची, गळावर नुसता ओरखडा उठला.