बेडसे : लेणी आणि घराची राखण

पुण्याहून लोणावळ्याची लोकल पकडावी. वाटेत देहूरोड लागते. येथेच २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. पुढे तळेगाव मागे टाकून कामशेतला उतरावे आणि पवनानगरच्या रस्त्याला लागावे. बेडसे गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. सुमारे चारशे पायऱ्या चढून गेल्यावर लेणी दिसतात. वर खाण्यापिण्याचे काही मिळत नाही, म्हणून भाकरी आणि पाणी सोबत न्यावे. लेणी पूर्वाभिमुख असल्याने सकाळचे ऊन थेट आत येते, तेव्हा शक्यतो सकाळीच जावे.

कार्ले, भाजे पाहणारे पुष्कळ, बेडशाला येणारे थोडे. खडकाच्या अरुंद वाटेने आत शिरताच चैत्याचे उंच खांब समोर उभे राहतात. त्यांवर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी कोरलेली आहेत. हे काम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले मानतात. शेजारी विहार आहे. इतर विहार चौकोनी असतात, हा मात्र मागे अर्धगोल असून त्याचे छत कमानीसारखे आहे. भोवती भिक्खूंच्या लहान लहान खोल्या आहेत.

येथील शिलालेखांत नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्पणक याच्या दानाची नोंद आहे. पाण्याच्या टाक्याजवळ महारठिनी सामडिनिका या स्त्रीचे नाव आहे. कोणी खांब दिला, कोणी पाणी दिले. पण दान देणारा येथे राहत नव्हता आणि राहणाऱ्या भिक्खूचे येथे स्वतःचे काही नव्हते. जागा सर्व संघाची. आज एक आला, उद्या दुसरा. मग अशा घराची निगा कशी राहत असेल?

त्याचे उत्तर विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. आलेला, राहणारा आणि जाणारा अशा तिघा भिक्खूंची कर्तव्ये तेथे सांगितली आहेत. येणाऱ्याने दाराबाहेर वहाणा काढाव्यात, छत्री मिटावी, सावकाश आत यावे. पिण्याचे पाणी कोणते, वापरायचे कोणते, शौचाची जागा कोठे, झोपायची खोली कोणती, येथील नियम काय, हे सारे विचारून घ्यावे. खोली रिकामी असली तरी दार ठोठवावे, क्षणभर थांबावे आणि मगच कडी काढावी. राहणाऱ्याने वडीलधाऱ्या पाहुण्यासाठी आसन मांडावे, पाय धुवायला पाणी ठेवावे, सामोरे जाऊन त्याचे पात्र-चीवर हाती घ्यावे. जाणाऱ्याने भांडीकुंडी जागेवर ठेवावी, दारे-खिडक्या लावाव्यात आणि जागा कोणाच्या तरी हवाली करून निघावे. भिक्खू नसेल तर श्रामणेराला सांगावे, तोही नसेल तर आरामातील सेवकाला. छप्पर गळत असेल आणि जमत असेल, तर ते शाकारून जावे. काही भिक्खू न सांगता निघून गेले, सामान खराब झाले, म्हणून हा नियम करावा लागला.

याच मावळात, पवना धरणाच्या काठाने आणि लोणावळ्याच्या बाजूला, मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले आहेत. मालक शनिवार-रविवारी येतात. बाकीचे दिवस राखणदाराचे कुटुंब बंगला सांभाळते. झाडांना पाणी घालते, मोटर चालवते, कुलपे तपासते. मालक अचानक दहा पाहुणे घेऊन येतो आणि स्वयंपाक झाला नाही म्हणून रागावतो. येणार हे आधी कळवले असते तर? उलट बाजूही आहे. पाइप फुटला, चोरी झाली, की राखणदार बोलणी बसतील म्हणून गप्प राहतो आणि नुकसान वाढते. दोन्ही ठिकाणी मूळ एकच : वेळेवर न सांगणे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली : झेपेल तेवढेच काम द्यावे, जेवण व मजुरी द्यावी, आजारात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. सेवकाचीही सांगितली : दिलेले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे, मालकाविषयी चांगले बोलावे. दोघांनाही कर्तव्य आहे, म्हणजे दोघांनाही मान आहे. आपल्यातले कितीतरी बंधू-भगिनी वॉचमन, माळी, घरकामगार म्हणून दुसऱ्याचे घर राखतात. पगार, सुट्टी आणि कामाचे तास त्यांनी पहिल्याच दिवशी बोलून घ्यावेत. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि आपणही मालक होतोच. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाताना शेजारच्या ताईंकडे किल्ली देतो. तेव्हा परत कधी येणार, पाणी किती वाजता येते, गॅस बंद केला की नाही, अडचण आली तर कोणाला कळवायचे, हे कागदावर लिहून द्यावे. आल्यावर किल्ली मागण्याआधी त्यांची विचारपूस करावी.

बेडशाच्या विहारात मुलांना घेऊन जा. आत शिरण्याआधी त्यांना चपला काढायला सांगा. निघताना आपला कागद, आपली पिशवी उचलून आणा आणि भिंतीवर नाव कोरू देऊ नका. १८६१ च्या सुमारास तेथील अधिकाऱ्यांनी लेणी साफसूफ करून रंगवली आणि जुनी चित्रे कायमची गेली. राखण चुकली की घराचे काय होते, ते त्या कोऱ्या भिंतींवर दिसते.