मधली तबकडी

2007 साली आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाने सिनेमांसाठी तीन हजार रुपये बाजूला काढले आणि निवड माझ्यावर सोपवली. मोझर बेअरने तेव्हा भाव पाडले होते. व्हीसीडी 28 रुपयांपासून, डीव्हीडी 34 पासून. सहा रुपयांचाच फरक, म्हणून मी डीव्हीडीचा आग्रह धरला. अध्यक्ष चाचांनी एवढंच विचारलं, "डीव्हीडी प्लेअर किती घरांत आहे?" बोटांवर मोजण्याइतक्या. डीव्हीडी प्लेअरवर व्हीसीडी चालते, उलट मात्र नाही. व्हीसीडीच घेतल्या. चाचांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

चुकलं माझं. कपाट लहान, म्हणून मी सगळ्या डब्या फेकून दिल्या, तबकड्या प्लास्टिकच्या पाकिटांत घातल्या आणि प्रत्येकीच्या छापील बाजूवर बॉलपेनने दाबून नंबर टाकले. आपण जपतो ती खालची चकचकीत बाजू. पण व्हीसीडीचा चित्र साठवणारा थर छापील बाजूलाच लागून असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो. हे मला फार उशिरा कळलं.

डब्यांबरोबर वरची चित्रंही गेली. आमच्या फुफीला वाचता येत नव्हतं, ती मधुबालाचा चेहरा बघून सिनेमा उचलायची. आता तिच्यापुढे सारखीच दिसणारी पाकिटं! तोंडाने विचारून घ्यायची तिला लाज वाटे, पण 'मुगल-ए-आझम' मात्र तिने मागितलाच. टॉकीजची पायरी ती कधी चढली नव्हती. सिनेमा 197 मिनिटांचा आणि एका व्हीसीडीत जेमतेम 80 मिनिटं मावतात, म्हणून तीन तबकड्या.

दुसरी माझ्या नंबरापाशीच अडकली. पुसली, फुंकली, पुन्हा लावली. चित्राचे चौकोन झाले नि थिजलं.

"बीच का किधर गया रे?" फुफीने विचारलं.

मी डीव्हीडी आणायचं कबूल केलं. आणली नाही. घरात प्लेअर आला तोवर फुफी राहिली नव्हती. आता मी अख्खी डबी ठेवतो, नंबर डबीच्या पाठीवर चिकटवतो. जागा जास्त लागते, लागू दे.

त्या रात्री तिने तिसरी तबकडी लावायला लावली. मधे काय झालं ते अम्मीने तिला भाकऱ्या थापता थापता सांगितलं.