आधी सत्तर किलोमीटर उलटं

आत्याला डोंबिवलीला लेकीकडं पोचवायचं होतं. गुडघे गेलेले, कुर्डुवाडी स्टेशनचा जिना नको म्हणाली, म्हणून सोलापूर–मुंबई विमानाची तिकिटं काढली. ऑक्टोबर २०२५मध्ये ही सेवा सुरू झाली, तेव्हापासून आमच्या बार्शीतही ‘मुंबई आता तासावर आली’ असं लोक म्हणतात. सोलापुरात विमानतळाजवळ, होटगी रोडला राहणाऱ्यांपुरतं ते खरं असेल.

गाडी वैरागच्या रस्त्याला लागली तशी आत्या म्हणाली, “मुंबई तिकडं, आन् तू मला उलटं कुठं न्यायलास?”

बरोबर होतं तिचं. नकाशावर सरळ रेघ मारली तर सोलापूर आणि मुंबईच्या विमानतळांमध्ये साधारण ३६० किलोमीटर भरतात. बार्शीपासून तशीच रेघ मारली तर ३१०च्या आसपास. म्हणजे विमानात बसण्यासाठी आम्ही सत्तर किलोमीटर रस्ता तुडवून मुंबईपासून पन्नासेक किलोमीटर लांब चाललो होतो. त्यात विमानतळ सोलापूरच्या पलीकडच्या टोकाला. अख्खं शहर ओलांडायचं. बार्शीला याची सवय आहे म्हणा. मुंबई–मद्रासची मोठी लाइनही आम्हाला बगल देऊन कुर्डुवाडीवरून गेली. १८९७ साली अडीच फुटी बार्शी लाइट आली, तेव्हा कुठं गाव तिला जोडलं गेलं.

खरं तर ३६० किलोमीटर जेट विमानाला अर्ध्या तासाचं काम. पण तिकिटावरच्या वेळेत जमिनीवरचं रांगणं, चढणं, उतरणं सगळं धरलेलं असतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं दोन्ही एकदम वापरता येत नाहीत आणि आकाशातही रांग लागते. आम्हीही बराच वेळ घिरट्या घातल्या. आत्याला त्याचं काही नव्हतं. मघाशी खाली उजनीचं पाणी दिसल्यापासून ती खिडकीला चिकटली होती. “आपल्या नळाला येतंय ते हेच का?” हो म्हटल्यावर तिनं धरणाला हात जोडले आणि लगेच पाणी रोज का सोडत नाहीत ते विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

मुंबईत उतरल्यावर खरी परीक्षा. संध्याकाळच्या गर्दीत विमानतळ ते डोंबिवली या टप्प्याला हवेतल्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला. सकाळी दहाला घर सोडलं होतं, लेकीच्या दारात पोचलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. रात्री कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली तर पहाटे कल्याण येतं, तिथून डोंबिवली हाकेच्या अंतरावर. वेळेचं म्हणाल तर आम्ही काहीच कमावलं नाही. आत्याचा जिना वाचला आणि रात्रीचं जागरण टळलं, एवढाच हिशेब. तिच्या वयाला तोही थोडका नाही, पण तासाभराचं कौतुक बार्शीकरानं जरा बेतानंच करावं.

परतीला मात्र मी वंदे भारतची तिकिटं काढली. कल्याणला चढायचं, खुर्चीत बसून यायचं, कुर्डुवाडीला उतरायचं. तिथला जिना आत्याला चढावा लागू नये म्हणून भाच्याला व्हीलचेअरची सोय करून ठेवायला सांगितलं.